कीज चुकले असतील, म्हणून गोळी बंद करायची का?

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली आणि एक स्टेंट बसवला. तेव्हा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८ होते. गोळ्यांमुळे ते ६६ पर्यंत आले. महिन्यापूर्वी पुतण्याने त्यांना एक व्हिडिओ पाठवला. अन्सेल कीज नावाच्या अमेरिकी संशोधकाने २२ देशांची माहिती हाताशी असताना आपल्या सोयीचे सात देश निवडले, कोलेस्टेरॉलची सगळी भीती त्या लबाडीवर उभी आहे आणि औषध कंपन्या तिच्यावर पोसल्या आहेत, असे त्यात सांगितले आहे. तेव्हापासून यजमानांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली असून रोज सकाळी कोमट पाण्यात दोन मोठे चमचे साजूक तूप घेतात. गोळीने पोटऱ्या दुखत होत्या, असेही ते म्हणतात. मी काही बोलले की "तुला विज्ञानातले काय कळते?" असे ऐकावे लागते. त्या संशोधकाने खरेच फसवणूक केली का? आणि केली असेल, तर गोळीची गरज नाही असे समजायचे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, इतिहासाकडे नंतर वळू, आधी तातडीचे बोलतो. यजमानांनी फक्त कोलेस्टेरॉलची गोळी सोडली आहे की तिच्याबरोबर रक्त पातळ ठेवणारी गोळीही सोडली आहे, हे आजच त्यांच्या औषधांचा डबा उघडून पाहा. ज्याच्या धमनीत स्टेंट आहे त्याने ही दुसरी गोळी परस्पर बंद करणे फार धोक्याचे असते. तसे झाले असेल तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता आजच हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. फक्त कोलेस्टेरॉलचीच गोळी बंद असेल, तरीही याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि गोळी महिनाभर बंद आहे हे त्यांना स्पष्ट सांगा. पुष्कळ रुग्ण हे लपवतात. मग वाढलेला आकडा पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात आणि गोंधळात भर पडते.

आता कीज यांच्याविषयी. व्हिडिओत सांगितलेली गोष्ट निखालस खोटी असती तर तिला उत्तर देणे सोपे होते. पण तीन वेगवेगळ्या घटनांची तीत सरमिसळ झाली आहे, म्हणून त्या एकेक करून सुट्या कराव्या लागतील.

अन्सेल कीज हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना मिळणारी के-रेशनची शिधापाकिटे त्यांनी तयार करून दिली होती, आणि उपासमारीने शरीराचे काय होते हे पाहण्यासाठी १९४४-४५ मध्ये ३६ स्वयंसेवकांवर केलेला त्यांचा प्रयोग आजही अभ्यासला जातो. युद्धानंतर अमेरिकेत धडधाकट दिसणारे, खाऊनपिऊन सुखी असलेले मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने पटापट मरू लागले होते, आणि हे का होते याचे समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हते. अशा वेळी नेपल्सचे प्राध्यापक जिनो बेर्गामी यांनी कीज यांना सांगितले की, आमच्या शहरात हा आजार फारसा आढळत नाही. कीज १९५२ मध्ये तेथे गेले. त्यांच्या पत्नी मार्गारेट या जैवरसायनशास्त्रज्ञ होत्या आणि रक्तातील कोलेस्टेरॉल मोजण्याचे काम त्यांनीच केले. नेपल्सच्या कष्टकरी पुरुषांचे कोलेस्टेरॉल अमेरिकी पुरुषांपेक्षा बरेच कमी निघाले. त्यांच्या ताटात पास्ता, भाज्या आणि कडधान्ये असत. मांस आणि लोणी बेताचेच.

पहिली घटना १९५३ ची. जेवणातील एकूण उष्मांकांपैकी किती वाटा स्निग्ध पदार्थांचा आहे आणि हृदयविकाराने किती पुरुष दगावतात, यांची सांगड घालणारा एक आलेख कीज यांनी मांडला. त्यात जपान, इटली, इंग्लंड व वेल्स, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिका असे सहा देश होते, आणि त्यांचे बिंदू संशय यावा इतक्या सुबकपणे एका वक्ररेषेवर बसले होते. दुसरी घटना १९५७ ची. याकोब येरुशाल्मी आणि हर्मन हिलेबो यांनी दाखवून दिले की, अशी आकडेवारी २२ देशांची उपलब्ध होती आणि सगळे देश घेतले तर तो संबंध पुष्कळच सैल पडतो. ही टीका रास्त होती. मृत्यूच्या दाखल्यावर प्रत्येक देश कारण वेगळ्या पद्धतीने नोंदवतो आणि बाजारात आलेले लोणी म्हणजे पोटात गेलेले लोणी नव्हे, तेव्हा अशा आलेखावरून फार तर शंका घेता येते, निष्कर्ष काढता येत नाही.

तिसरी घटना, म्हणजे ज्याला सप्तदेशीय अभ्यास म्हणतात तो, या टीकेनंतर १९५८ मध्ये सुरू झाला. आणि व्हिडिओने नेमकी येथेच गल्लत केली आहे. त्या अभ्यासात सरकारी तक्ते घेऊन रेघा ओढलेल्या नाहीत. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया आणि जपान या देशांतील १६ गटांतून ४० ते ५९ वयाचे १२,७६३ पुरुष निवडले गेले; त्यांचा रक्तदाब, रक्त, ईसीजी, धूम्रपान यांची नोंद एकसारख्या पद्धतीने झाली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला गेला. काही कुटुंबांत तर जे शिजले तेच, तितकेच अन्न बाजूला काढून त्याचे रासायनिक पृथक्करण केले गेले. म्हणजे "२२ मधून ७" हे वाक्य १९५७ च्या टीकेतील आकडा आणि १९५८ च्या अभ्यासातील आकडा एकत्र शिवून तयार झालेले आहे.

याचा अर्थ सप्तदेशीय अभ्यास निर्दोष होता असा मात्र नाही. देश चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. जेथे काम करू शकणारे सहकारी होते आणि आहारात ठळक फरक अपेक्षित होता, ते देश घेतले गेले. लोणी आणि चीज भरपूर खाऊनही हृदयविकार कमी असलेला फ्रान्स त्यात नव्हता. स्त्रिया नव्हत्या. ग्रीसच्या क्रीट बेटावरील आहाराच्या नोंदींपैकी काही नोंदी ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळातील होत्या, आणि उपवासात माणूस एरवीसारखे जेवत नाही हे आपल्याला कोणी सांगायला नको. शिवाय, दोन गोष्टी हातात हात घालून वाढतात एवढेच असा अभ्यास दाखवतो; एक दुसरीचे कारण आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

तरीही त्या अभ्यासात एक गोष्ट अशी आहे की जी मला लबाडीच्या आरोपाशी जुळवता येत नाही. क्रीटमधील पुरुषांच्या उष्मांकांपैकी जवळजवळ ४० टक्के स्निग्ध पदार्थांतून येत होते, आणि तरीही त्यांच्यात हृदयविकार अत्यल्प होता. पूर्व फिनलंडमध्ये, जेथे चीजच्या जाड कापावरही लोणी लावून खाल्ले जाई, तेथे तो सर्वाधिक होता. स्निग्ध पदार्थ एकूण किती खाल्ले यालाच महत्त्व असते, तर क्रीट हा मोठा अपवाद ठरला असता. क्रीटमधील बहुतेक स्निग्धांश ऑलिव्ह तेलाचा होता. आपल्याच १९५३ च्या आलेखातील कल्पना कीज यांना येथे बदलावी लागली आणि ‘किती’पेक्षा ‘कोणते’ हा प्रश्न पुढे आला. ज्याने सोयीचे आकडे उचलले असे म्हटले जाते, त्याच्या स्वतःच्या अभ्यासातून गैरसोयीचे क्रीट बाहेर आले आणि त्याने ते छापले.

कीज स्वभावाने फटकळ होते. साखरेला दोष देणारे लंडनचे जॉन युडकिन यांच्यावर त्यांनी केलेली टीका संशोधकाला शोभणारी नव्हती, आणि साखरेकडे त्या काळात झालेले दुर्लक्ष आपल्याला महाग पडले, असे माझे मत आहे. त्याहून गंभीर गोष्ट मिनेसोटातील एका प्रयोगाची. १९६८ ते १९७३ या काळात मनोरुग्णालये आणि एक वृद्धाश्रम येथील ९,४२३ जणांवर इव्हान फ्रान्झ यांच्या नेतृत्वाखाली, कीज यांच्याही सहभागाने, एक चाचणी झाली. त्यात निम्म्या लोकांच्या जेवणातील संपृक्त स्निग्धांश (तूप, लोणी यांत जास्त असतो तो) काढून त्याजागी मक्याचे तेल दिले गेले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. हे निष्कर्ष १९८९ पर्यंत छापलेच गेले नाहीत, आणि जुनी कागदपत्रे व फिती शोधून काढून संपूर्ण आकडेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. या चाचणीत वर्षभराहून अधिक काळ टिकलेले लोक साधारण चौथा हिस्साच होते आणि धमन्यांचा आजार वर्षभरात बरा होत नाही, हे लक्षात घेतले तरी, मनासारखे उत्तर न आल्यामुळे निष्कर्ष इतकी वर्षे पडून राहावेत हे वाईटच झाले. पुतण्याने यावर बोट ठेवले तर त्याचे म्हणणे मान्य करा.

परंतु, ताई, तुमच्या पत्राचा खरा मुद्दा याच्या पुढे आहे. कीज जन्मलेच नसते असे क्षणभर धरून चाला. तरीही तुमच्या यजमानांना डॉक्टरांनी आज तीच गोळी लिहून दिली असती. आहाराचा वाद आणि या गोळीचा पुरावा यांची मुळे वेगळ्या जमिनीत आहेत.

जन्मतःच एलडीएल प्रचंड वाढलेल्या कुटुंबांचा अभ्यास करताना डॅलस येथील जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकेल ब्राऊन यांना असे आढळले की, रक्तातील एलडीएल आत ओढून घेणारी यकृताच्या आणि इतर पेशींवरील ग्राहके अशा रुग्णांत सदोष असतात. ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष मिळतो, त्या मुलांना शाळकरी वयातसुद्धा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. त्या मुलांनी ना वर्षानुवर्षे सिगारेट ओढलेली असते, ना त्यांच्या पोटाचा घेर वाढलेला असतो. या शोधाला १९८५ चे नोबेल मिळाले. याच्या उलट बाजूही निसर्गाने दाखवून दिली आहे. पीसीएसके९ नावाच्या जनुकातील विशिष्ट बदलामुळे काही लोकांचे एलडीएल जन्मापासूनच कमी राहते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा बदल असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांचे एलडीएल इतरांपेक्षा सरासरी २८ टक्के कमी होते, आणि १५ वर्षांत त्यांना हृदयधमन्यांचा आजार होण्याचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी निघाले. त्या लोकांना ना कोणत्या कंपनीने गोळी दिली होती, ना कीज यांनी आहाराचा तक्ता.

गोळीचा जन्मही मिनेसोटात झालेला नाही. टोकियोतील सांक्यो कंपनीत अकिरा एन्डो हे संशोधक बुरशींमध्ये औषध शोधत होते. काही बुरशी स्वतःच्या बचावासाठी असे रसायन बनवत असतील की ज्याने इतर जीवांची कोलेस्टेरॉल बनवण्याची क्रिया थांबते, अशी त्यांची अटकळ होती. सहा हजारांहून अधिक बुरशी तपासल्यावर क्योटोतील एका धान्यदुकानातील तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीतून १९७३ मध्ये पहिले स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या गोळ्यांच्या कुळातले पहिले औषध, हाती लागले. पुढे त्याच कुळातील सिम्व्हास्टॅटिन घेऊन उत्तर युरोपातील ४,४४४ रुग्णांवर एक चाचणी झाली, आणि १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. हे सर्व रुग्ण तुमच्या यजमानांसारखे, म्हणजे झटका येऊन गेलेले किंवा हृदयशूळ असलेले होते. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळाली. साडेपाच वर्षांच्या आसपास औषध नसलेल्या गटातील २५६ जण दगावले आणि औषध घेणाऱ्या गटातील १८२. शंभरामागे सांगायचे तर बारा आणि आठ. चाचणीचा खर्च औषध कंपनीने केला होता, हे खरे आहे, आणि पुतण्या ते म्हणेलच. पण त्यानंतर अनेक देशांत झालेल्या मोठ्या चाचण्यांची आकडेवारी ऑक्सफर्ड आणि सिडनी येथील विद्यापीठांतल्या संशोधकांनी एकत्र करून पाहिली, तेव्हा एलडीएल साधारण ३९ एककांनी उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, असेच दिसले. यजमानांचे १३८ वरून ६६ वर आले होते, म्हणजे ७२ ने उतरले होते. महिनाभर गोळी नसल्यामुळे ते एव्हाना बहुतेक पूर्वीच्या जागी गेले असणार.

ज्याला कधी झटका आलेला नाही, मधुमेह नाही, रक्तदाब नाही आणि केवळ अहवालातील एक आकडा थोडा पुढे आहे, त्याने गोळी घ्यावी की नाही यावर डॉक्टरांतही प्रामाणिक मतभेद होऊ शकतात, कारण अशा माणसाला होणारा फायदा आकड्यांत लहान असतो. व्हिडिओ करणारे बहुधा त्या वादातील वाक्ये उचलतात आणि ती स्टेंट बसलेल्या माणसाच्या कानावर पडतात. तुमच्या घरापुरता तो वाद संपलेला आहे.

आता तुपाकडे येऊ. छोटा चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम तुपात साधारण तीन ग्रॅम संपृक्त स्निग्धांश असतो. दोन मोठे चमचे म्हणजे जवळजवळ तीस ग्रॅम तूप, आणि त्यातून अठरा ग्रॅमच्या आसपास संपृक्त स्निग्धांश पोटात जातो. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या निरोगी माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सुमारे २२ ग्रॅम आहे; म्हणजे चहातले दूध, दही, फोडणी यांचा विचार होण्याआधीच सकाळच्या पाण्यात ती बरीचशी संपली. वरणभातावर किंवा पुरणपोळीवर सणावाराला घेतलेल्या चमचाभर तुपाला मी कधी कोणाला मनाई करत नाही. औषध समजून, अनशापोटी, मोठ्या चमच्याने तूप पिणे मात्र थांबवा.

येथे पुतण्या कदाचित आपल्याच देशातला दाखला देईल. पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रेल्वे कर्मचाऱ्यांतील हृदयविकाराचे मृत्यू दक्षिणेत उत्तरेपेक्षा सातपट आढळले होते, आणि दूधतूप भरपूर खाणारे होते ते उत्तरेकडचे. निरीक्षण कुतूहल वाढवणारे आहे. पण कीज यांच्या १९५३ च्या आलेखाला जो आक्षेप, तोच यालाही लागू आहे: दोन प्रदेशांतील माणसांमध्ये केवळ तुपाचा फरक नसतो. कीज यांचा आलेख फाडायचा आणि मल्होत्रांचा तक्ता भिंतीवर लावायचा, ही तर्कशुद्ध वागणूक नव्हे.

स्वयंपाकघरात फार उलथापालथ नको. शेंगदाणा तेल चालेल, पण महिन्याला घरात किती लिटर लागते ते एकदा पाहा, कारण आपल्याकडे तेल वाईट असण्यापेक्षा जास्त असते. मूठभर शेंगदाणे, उसळी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मासे चालत असतील तर मासे. बेकरीतली खारी, बटर, नानकटाई कमी करा. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगले झाले, तरी त्या पदार्थांतला मैदा, साखर आणि स्निग्धांश तसेच आहेत. आपल्या लोकांत ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबीचा आणखी एक प्रकार) वाढलेले आणि एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) कमी असे चित्र फार दिसते, आणि त्याला साखर, मैदा व बैठे काम यांचा हातभार असतो. अंड्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण प्रश्न येतोच: अन्नातील कोलेस्टेरॉलचा रक्तातील कोलेस्टेरॉलवर फारसा परिणाम होत नाही, असे कीज १९५० च्या दशकातच म्हणत होते. व्हिडिओत हे सांगितले नसणार.

यजमानांशी बोलताना कीज यांची बाजू घेऊ नका. त्यांना कीज लबाड वाटत असतील तर वाटू द्या. "ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांनी गोळी बंद केली तर फायदा होतो असे दाखवणारी एक चाचणी सांगा" एवढेच विचारा, आणि तोच प्रश्न पुतण्यालाही पाठवा. विज्ञानातले काय कळते या टोमण्याला याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

राहिल्या पोटऱ्या. स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात, क्वचित गंभीर इजाही होते, आणि रक्तातील साखर किंचित वाढण्याची शक्यता असते. म्हणून ही तक्रार उडवून लावू नये. लंडनमध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले गेले. स्टॅटिनच्या महिन्यांत जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही जाणवला. दुखणे खरे होते, कारण बहुतेक वेळा वेगळे होते. डॉक्टर रक्तातील सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासतील, मात्रा कमी करतील, दुसरे स्टॅटिन देतील किंवा इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल कमी करणारे वेगळे औषध जोडतील. मार्ग अनेक आहेत. गोळी पुन्हा सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करून घ्या.

आणि भेटीआधी यजमानांना एक गोष्ट नीट विचारून ठेवा: पोटऱ्या बसल्या जागी दुखतात, की ठरावीक अंतर चालल्यावर दुखून येतात आणि दोन मिनिटे थांबले की थांबतात? दुसरे असेल, तर दुखणे गोळीचे नसून पायांच्या धमन्याही अरुंद झाल्याचे असू शकते. तसे असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते घोट्यापाशी रक्तदाब मोजून किंवा डॉपलर (धमन्यांतील रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून पाहतील. महिनाभर गोळी बंद असूनही चालताना पोटऱ्या तशाच दुखत असतील, तर ही तपासणी पुढे ढकलू नका.